मस्कत : एकशे अठरा वेळा

४ डिसेंबर

कार्यकारिणीच्या बैठकीत जशभाईंनी आज माझं नाक कापलं. जशभाई आमच्या अठरागाम समाजाचे खजिनदार, मी मंत्री, म्हणजे चिटणीस. दिवाळीनंतरच्या लाभपाचमेच्या मुहूर्तावर मी समाजाचं वस्तीपत्रक वेबसाइटवर चढवलं. अठरा गावांतली चौदाशे कुटुंबं, माणसागणिक नाव, गाव, आजोळ, शिक्षण, फोन, लग्न झालंय की व्हायचंय, सगळं. पूर्वी दर दहा वर्षांनी याचं उखळाएवढं पुस्तक छापायचो आणि ते छापून येईपर्यंत त्यातले निम्मे उपवर बाप झालेले असायचे.

"पुस्तक निदान उशाला तरी घेता येतं, मनहरभाई," जशभाई म्हणाले. "तुमची वेबसाइट बघतं कोण? तुम्ही आणि तुमची तोरल."

सगळे हसले. प्रमुख डाह्याकाकाही हसले. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे आणि ऐकू येत नाही, त्यामुळे बाकीचे हसले की तेही हसतात. शेवटी ठरलं ते असं : २५ जानेवारीच्या साधारण सभेत वेबसाइटचा उपयोग आकड्यांनिशी सिद्ध करायचा. नाही झाला तर वेबसाइट बंद, पुस्तक सुरू आणि मंत्री नवा.

एकतीस वर्षं मी दूध मंडळीचा, म्हणजे गावच्या सहकारी डेअरीचा सेक्रेटरी होतो. सकाळ-संध्याकाळ आकडेच लिहिले. आकड्यांना मी भीत नाही.

तोरलला सांगितलं. तोरल माझी मुलगी, वय बत्तीस. वेबसाइट तिनेच बांधली. दोन वर्षांपासून ती आमच्याकडे असते, वरच्या खोलीत बसून मोरबीच्या टाइल्सवाल्यांच्या वेबसाइटी सांभाळते. जावई मस्कतला असतात.

६ डिसेंबर

तोरलने वेबसाइटला एक यंत्र जोडलं. दिसत काही नाही, पण लोक शोधाच्या चौकटीत जे काही टाइप करतात ते नोंदलं जातं. कोणता शब्द, किती वेळा, कुठल्या गावातून, किती वाजता, आणि त्यांना काही सापडलं की नाही.

"आणि कोणी शोधलं ते?"

"ते नाही कळत, पप्पा. आणि कळूही नये."

"हे कसलं दप्तर? दूध कुणाचं ते लिहायला नको?"

"दूध कुणाचं ते नाही कळणार. फॅट कळेल."

हे मला लगेच समजलं. पोरगी माझीच आहे.

यंत्र चालतं का हे बघायला मी माझंच नाव अकरा वेळा टाइप केलं. संध्याकाळी अहवालात आलं : पेटलाद, मनहरभाई मंत्री, ११. तोरल म्हणाली, पुन्हा असं करू नका, सगळ्या समाजात एवढं प्रेम कुणावर नाही.

१३ डिसेंबर

पहिल्या आठवड्याचा अहवाल हातात आहे. चारशे सहा शोध! जशभाईंच्या तोंडावर मारता येईल इतका लांब कागद आहे.

पण लोक शोधतात काय? त्यांना वाटतं चौकटीच्या मागे कुणीतरी माणूस बसलाय. "साधारण सभेत जेवायला काय आहे" हे सत्तावन्न वेळा. "उंच मुलगा." "उंच मुलगा पण कॅनडाचा नको." "हॉल रविवारी रिकामा आहे का." "मंत्री फोन का उचलत नाहीत" (सोजित्रा, रोज दुपारी साडेतीनला. ती माझी झोपायची वेळ आहे). आणि उमरेठहून एकाने लिहिलंय : "जय श्रीकृष्ण. माझा चष्मा हॉलमध्ये राहिला."

सगळ्यांत जास्त वर्दळ दुपारी अडीच ते चार. सरोज, म्हणजे आमच्या सौ., म्हणाली, "बरोबर आहे. सासवा झोपतात."

१६ डिसेंबर

चष्मा सापडला! पाण्याच्या माठामागे होता. त्याचा फोटो वेबसाइटवर लावून खाली "चष्मा" असं लिहिलं. उमरेठचे गृहस्थ आज येऊन घेऊन गेले आणि जाताना माझ्या पाया पडायला वाकले. जेवणाचंही पान करून टाकलं : उंधियु, जलेबी, पुरी, कढी.

यातून मला एक नियम सापडला, तो मोठ्या अक्षरांत लिहून ऑफिसात टांगला. जे लोक शोधतात आणि त्यांना सापडत नाही, ते आपण ठेवायचं. तोरलने तो नियम दोनदा वाचला. "हा सगळ्यांना लागू आहे ना, पप्पा?" म्हणाली. मी म्हटलं, अर्थात.

२० डिसेंबर

मस्कत, ३४ वेळा.

पेटलाद, बोरसद, उमरेठ, नडियाद, सगळीकडून. कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

इथे खोटं लिहून काय मिळवायचं? मस्कतला जावई नाहीत. जावईच नाहीत. दोन वर्षांपूर्वी वडोदऱ्याच्या कोर्टात तोरलचं ते सगळं संपलं आणि ती एक बॅग घेऊन घरी आली. तिसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर कुणीतरी विचारलं, जावई नाही आले? माझ्या तोंडून निघून गेलं, ते मस्कतला गेलेत, मोठं काम मिळालंय. मस्कतच का, तर मी आधीच वस्तीपत्रक चाळून ठेवलं होतं. अमेरिका, लंडन, नैरोबी, कुठलंही नाव घ्या, आमच्या समाजाचा माणूस तिथे बसलेलाच असतो. मस्कतला एकही नाही. मग वस्तीपत्रकातही तेच भरलं : तोरल, विवाहित, मस्कत. आता "मस्कत" शोधलं की चौदाशे कुटुंबांतून एकटी तोरल समोर येते.

सरोज म्हणाली, "सांगून टाका ना एकदाचं."

"कशाला? कुणाला काही कळलेलं नाही. दोन वर्षांत एका तरी माणसानं तोंडावर विचारलं का?"

"नाही," सरोज म्हणाली. "एकानंही नाही विचारलं." आणि ती खिचडी ढवळायला आत गेली.

२१ डिसेंबर

सकाळी दात घासताना उलगडा झाला. वर्तमानपत्रात आखाती देशांच्या नोकऱ्यांच्या जाहिराती येतात! पोरांना मस्कतच्या नोकऱ्या हव्यात, दुसरं काय? उगाच रक्त आटवलं. दोन कप जास्त चहा घेतला.

२३ डिसेंबर

बैठक. जशभाईंनी अहवालावर बोट ठेवलं, खोकले आणि म्हणाले, "मंत्रीजी, हे मस्कत काय प्रकरण आहे?"

"तरुणांना रोजगाराची ओढ आहे," मी म्हटलं. "आकडे बोलतात."

जशभाई खिडकीबाहेर बघायला लागले. बाकीचे दोघे चहात बिस्किट बुडवत बसले ते बुडवतच राहिले. डाह्याकाकांना मात्र त्यांच्या नातवाने कानाशी ओरडून सांगितलं आणि ते एकदम खुलले.

"मग मनहर, घोडं अडलं कुठे? तुझे जावई आहेतच तिथे! त्यांनाच समाजाचा मस्कत प्रतिनिधी नेमू. पोरांना मार्गदर्शन करतील."

"काका, ते फार कामात..."

"अनुमोदन माझं," जशभाई म्हणाले. "आणि साधारण सभेत जावईबापूंनी व्हिडिओवर दोन शब्द बोलावेत."

ठराव एकमताने मंजूर. इतिवृत्त मंत्र्याने लिहायचं असतं. मी लिहिलं.

२४ डिसेंबर

तोरलला पान करायला सांगितलं : मस्कत प्रतिनिधी. मी सांगत गेलो, ती टाइप करत गेली. तिने फक्त एक विचारलं, "फोन नंबर कुणाचा टाकू?"

"माझा."

"मस्कतचा प्रतिनिधी पेटलादला फोन उचलणार?"

"सध्या सुट्टीवर आहे म्हण."

ती हसली नाही, चिडलीही नाही. काम झाल्यावर संगणक मिटून, जेवण वर पाठवा म्हणाली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. लहानपणी फार भांडायची.

९ जानेवारी

आज केतन आला. आमच्या समाजातलाच, भरूचला असतो, वायरमन आहे, दोन मुलींचा बाप. पेढे घेऊन आला. मला वाटलं तिसरी मुलगी झाली.

"काका, तुमच्या आशीर्वादाने मस्कतला नोकरी लागली! दोन फेब्रुवारीचं विमान आहे."

मी पेढा तोंडात घातला होता, तो तिथेच राहिला.

"कंपनीची खोली पंधरवड्यानं मिळणार. मी म्हटलं, काळजी कशाची? वेबसाइटवर प्रतिनिधी आहेत, घरचेच जावई आहेत. पंधरा दिवस त्यांच्याकडे काढेन. आई त्यांच्यासाठी खायला ढेबरे आणि मठिया बांधून देणार आहे. पत्ता द्या."

"त्यांची बदली झाली," मी म्हटलं.

"कुठे?"

मला मस्कतच्या आसपासचं एकही नाव येईना. मागून तोरलने पाण्याचा ग्लास केतनपुढे ठेवला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. "विचारून सांगतो," म्हणालो आणि केतनला आणखी चार पेढे त्याचेच खायला घातले.

तो गेल्यावर सरोज म्हणाली, "आता कुठं पाठवणार जावयांना? चंद्रावर? तिथंही आपल्यातलं कुणी नाही. पत्रक बघून घ्या."

१४ जानेवारी

उत्तरायण. सगळं गाव गच्चीवर. पतंग मी लहानपणापासून चांगला काटतो, पण आज माझे नऊ गेले. समोरच्या गच्चीवर जशभाईंच्या घरचे माइक लावून बसले होते. गाण्यांच्या मधून जशभाईंचा मोठा मुलगा ओरडला, "मंत्रीकाका, जावईबापू कुठल्या गच्चीवर? तिकडचा वारा कसा आहे?" आठ गच्च्या हसल्या. मीही हात हलवला. लोकांना जावयांबद्दल आपुलकी आहे.

तोरलने फिरकी खाली ठेवली आणि ती निघून गेली. सरोज तिच्यामागे जिन्याकडे गेली. मग थांबून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "तुम्ही एकतीस वर्षं दुधाची फॅट बघितली, माणसांची कधी बघणार?" सणाच्या दिवशी असं का बोलली कोण जाणे. चिक्की कडू लागली.

१९ जानेवारी

पूर्ण अहवाल तयार झाला. तीन हजारांवर शोध. वेबसाइट वाचली, मंत्रिपद वाचलं! पहिला क्रमांक जेवणाचाच. तिसरा मस्कत, ११८. पण दुसरा?

घटस्फोट. घटस्फोटित मुलगा. घटस्फोटित मुलगी. दुसरं लग्न. परत आलेली. एकदा नुसतंच "पुन्हा". तोरलने हे सगळे शब्द एका ओळीत बांधले होते : १३१ वेळा, सोळा गावांतून. आणि शेवटच्या रकान्यात, सापडलं किती : शून्य.

शून्यच येणार. आमच्या फॉर्ममध्ये तीनच चौकोन आहेत : अविवाहित, विवाहित, विधवा किंवा विधुर. आजोबांच्या काळापासून तीनच. चौथ्या माणसाने कुठे बरोबरची खूण करायची, हे कुणी कधी विचारलं नाही.

"ही ओळ काढ," मी तोरलला म्हटलं.

"का?"

"सभेत बायाबापड्या असतात. बरं दिसत नाही."

"आकड्यात पाणी घालू, पप्पा?"

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट असेल, मी सख्ख्या मामेभावाचं दूध लॅक्टोमीटर लावून परत केलं होतं, भर रांगेत. तोरल तेव्हा सहा-सात वर्षांची, माझं बोट धरून उभी होती. मामेभाऊ अजून माझ्याशी बोलत नाही.

२२ जानेवारी

केतनचा चौथा फोन. "काका, पत्ता नसला तरी चालेल, जावईबापूंना नुसतं विमानतळावर यायला सांगा. मला अरबी येत नाही, इंग्रजीही जेमतेम." दोन मुलींचा बाप परक्या मुलखात ढेब्र्यांचं बोचकं घेऊन, न येणाऱ्या माणसाची वाट बघत उभा राहणार. माझ्यामुळे. हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. आरतीत दोनदा चुकलो.

माझी लाज मी झाकतोय असं मी समजत होतो. पण "तोरल, विवाहित, मस्कत" हे लिहून मी तिलाच घरातून काढून टाकलं की काय? ती वरच्या खोलीत बसून माझ्याच वेबसाइटवर रोज ते वाचते.

हे लिहिताना फार वाईट वाटलं. पान फाडणार होतो, फाडलं नाही.

२५ जानेवारी

सगळं क्रमाने लिहितो.

हॉल भरला होता. मागे उंधियुच्या कढया. भिंतीवर पडदा, खाली तोरल संगणक घेऊन. डाह्याकाकांनी आशीर्वादपर भाषण केलं आणि शेवटी म्हणाले, "आता आपले मस्कतचे जावई बोलतील." टाळ्या. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी खाली बघितलं.

मी उभा राहिलो. "आधी अहवाल," म्हटलं. पडद्यावर पहिली ओळ आली, जेवण. हशा झाला. मी तोरलकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, बोट बटणावर. दुसरी ओळ ठेवली आहे की काढली, हे मी तिला विचारलंच नव्हतं. मी होकाराची मान हलवली.

ओळ होती. घटस्फोट, १३१, सापडले शून्य. मागची जलेबी तळल्याचा आवाज पुढे यायला लागला.

"समाजाचा नियम ऑफिसात टांगलेला आहे," मी म्हटलं. "जे लोक शोधतात आणि सापडत नाही, ते आपण ठेवायचं. फॉर्ममध्ये चौथा चौकोन हवा. आणि तिसऱ्या ओळीचं... केतन, भाऊ, तू कुठे बसलायस? मला माफ कर. मस्कतला कोणी नाही. माझ्या तोरलचा घटस्फोट झालाय, दोन वर्षांपूर्वी. ती इथेच असते, माझ्या घरी. ही बसलीये. ही वेबसाइट तिची आहे."

मला वाटलं होतं, आता छत कोसळेल. पहिल्या रांगेतून मणिबा काठी टेकत उठल्या. वय त्र्याऐंशी, सोजित्र्याच्या. मी दुपारी फोन उचलत नाही म्हणून चौकटीत लिहिणाऱ्या त्याच असाव्यात.

"मनहर, हे सांगायला तुला दोन वर्षं लागली? अरे, आम्हाला त्याच आठवड्यात कळलं होतं. वडोदऱ्याच्या कोर्टात माझा भाचा कारकून आहे."

"मग विचारलं का नाही कुणी?"

"तुझं तोंड बघून. नाव काढलं की मस्कतची हवा सांगायला लागायचास. आम्ही म्हटलं, बिचाऱ्याला तेवढंच समाधान." मग त्या मागे वळल्या. "त्या एकशे एकतीसमध्ये वीस-बावीस माझे आहेत. नातसून टाइप करून देते. माझी नात चार वर्षं घरी बसलीये. कुठल्या गावात कोण आहे ते कळायला नको का? तुझी चौकट रोज सांगते, सापडलं नाही, सापडलं नाही. पोरं आहेत रे, तुम्ही लिहीतच नाही!"

मागून एक बाई उठली, आमच्याकडेही आहे म्हणाली. मग उमरेठचे चष्मेवाले उठले, माझा मुलगा, म्हणाले. मग जशभाई. मला वाटलं, आता हे टोला हाणणार. जशभाई इतकंच म्हणाले, "मस्कतच्या शोधांतले चाळीस माझे. चुकलं माझं. चौथ्या चौकोनाला अनुमोदन," आणि बसले. त्यांची धाकटी गेल्या दिवाळीपासून माहेरी आहे, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ती आईला ताक घुसळायला मदत करायला येते, असं जशभाई सांगायचे.

हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही.

समाजात खरोखर काही माहीत नसलेली दोनच माणसं निघाली. एक केतन, दुसरे डाह्याकाका. नातवाने कानाशी ओरडून सगळं सांगितल्यावर काका म्हणाले, "म्हणजे जावई आज बोलणार नाहीत?"

केतन जेवताना माझ्याच शेजारी येऊन बसला. विमान पंधरा दिवसांनी पुढे ढकलून मिळतंय, म्हणाला. मग हळूच विचारलं, "काका, आता मस्कतचा प्रतिनिधी मी होऊ का?"

तोरलने तीनदा उंधियु घेतला. माझ्याशी एवढंच बोलली, "मीठ कमी आहे, पप्पा." फार दिवसांनी तिने खोड काढली.

२८ जानेवारी

आमच्या घरचा फॉर्म मीच भरला. तोरल, पेटलाद. चौथ्या चौकोनात खूण केली. ती मागे उभी होती. म्हणाली, "माझ्यासाठी स्थळं शोधायला लागू नका हं. खूण खरी असावी म्हणून केलीये, लग्नासाठी नाही." मी म्हटलं बरं. धंद्याच्या रकान्यात आजवर "संगणक" लिहीत होतो, ते खोडून तिलाच विचारलं काय लिहू. तिने सांगितलेलं मला पूर्ण समजलं नाही, पण जसंच्या तसं लिहिलं.

२० फेब्रुवारी

केतन पोचला. ढेबरे विमानतळावर कस्टमवाल्यांकडून सोडवून घेतले म्हणतो. चौथ्या चौकोनात आजवर छत्तीस नावं आली. मणिबांच्या नातीला उमरेठचे चष्मेवाले बघून गेले, मुलासाठी. मणिबा म्हणतात मुलगा बरा आहे, बाप विसराळू वाटतो.

आठवड्याचा अहवाल आला. "मस्कत" फक्त एकदा. काल दुपारी तीन वाजता, पेटलादहून. कोण ते यंत्र सांगत नाही. पण तीन वाजता मी झोपलेलो असतो आणि माझा फोन उशाशी असतो.

"तू शोधलंस?" मी सरोजला विचारलं.

"हो," ती शेंगा सोलत म्हणाली. "बघत होते, आपली तोरल तिथून निघाली का."

"मग?"

"निघाली. आता केतनचं नाव येतं."